नाजूक काम, वेगवान यंत्र

आजचा विषय थोडा वेगळा आहे. आरोग्याच्या सदरात यंत्राचे काय काम, असे काही वाचकांना वाटेल. परंतु हे यंत्र आता शहरातल्या हार्डवेअरच्या दुकानांतून निघून आमच्या आंजीसारख्या गावातल्या घरांत पोचले आहे आणि त्याच्यामुळे होणाऱ्या इजा दवाखान्यात पोचू लागल्या आहेत. तेव्हा त्याविषयी लिहिणे भाग आहे.

जाडसर टॉर्चएवढे, बॅटरीवर चालणारे, पेनासारखे हातात धरता येणारे हे यंत्र. दुकानदार त्याला मिनी ग्राइंडर म्हणतात. टोकाला बारीक कानस, तारेचा ब्रश, नमद्याचे चाक, पॉलिशपेपरची नळी किंवा कापणारी चकती, हवे ते बसवायचे आणि बटण दाबायचे. डोके झिजलेला स्क्रू, समईवरच्या नक्षीत बसलेला मळ, कपाटाच्या कडीची बोथट झालेली खाच, अशी जी कामे मोठ्या अवजाराला जमत नाहीत ती याने सुरेख होतात. मी या यंत्राच्या विरोधात मुळीच नाही. उलट बॅटरीच्या यंत्राचा एक फायदा आपल्या भागात विशेष आहे. वायरचे यंत्र चालू असताना वीज गेली, बटण बंद करायचे राहिले आणि अर्ध्या तासाने वीज आली, की ते टेबलावर आपोआप नाचू लागते. बॅटरीच्या यंत्रात ती भीती नाही आणि शॉकचीही नाही.

श्रावणात या यंत्राला जोर येतो, कारण तान्हा पोळा. वर्धा-नागपूरकडच्या वाचकांना सांगायला नको, पण हे सदर वाचणारे काही जावई-सुना पश्चिम महाराष्ट्रातूनही आलेले आहेत, म्हणून सांगतो. पिठोरी अमावास्येला बैलांचा पोळा झाला की दुसऱ्या दिवशी लहान मुले लाकडी नंदी घेऊन निघतात आणि घरोघर बोजारा मागतात. आपल्या जिल्ह्यात सिंदी (रेल्वे) येथील तान्हा पोळा तर दूरवर प्रसिद्ध आहे. घरातला नंदी पुष्कळदा बापाच्या, कधी आजाच्या लहानपणचा असतो. तो माळ्यावरून खाली निघतो, जुना रंग खरवडायचा असतो, शिंगाचा टवका, खुराची फट, चाकाचा आस दुरुस्त करायचा असतो. पूर्वी हे काम कानस आणि काचेच्या तुकड्याने चार संध्याकाळ चालायचे. आता घरातला एखादा मामा यंत्र घेऊन बसतो आणि तासाभरात उरकतो. भाचा शेजारी उकिडवा बसून नाकासमोर पाहत असतो.

यंत्र छोटे आहे म्हणून धोकाही छोटा, हा समज इथेच आड येतो. थोडा हिशेब करू. घरातला छताचा पंखा मिनिटाला साधारण ३०० ते ४०० फेरे घेतो. वेल्डिंगच्या दुकानातले चार इंची ग्राइंडर, ज्याच्या ठिणग्या पाहून आपण दोन पावले मागे सरतो, ते सुमारे ११,००० फेरे घेते. आणि हे पेनाएवढे यंत्र ५,००० पासून २५-३० हजारांपर्यंत जाते. चकती जेमतेम दोन सेंटिमीटरची असली तरी २०,००० फेऱ्यांना तिची कड ताशी सुमारे ७५ किलोमीटर वेगाने धावत असते. तिचा टवका उडाला तर तोही त्याच वेगाने निघतो. मोठे ग्राइंडर आपण हातभर अंतरावर धरतो. नाजूक काम मात्र जवळून करावे लागते. खुराची फट दिसावी म्हणून माणूस वाकतो आणि डोळा चकतीपासून वीतभरावर येतो. चाळिशी लागलेला पण चष्मा न घेतलेला गृहस्थ तर आणखीच वाकतो. या यंत्राच्या बहुतेक इजांचे मूळ मला या वीतभर अंतरात दिसते.

असे यंत्र सुरक्षितपणे कसे चालवावे हे शिकायचे असेल तर फार लांब जायला नको. दंतवैद्याकडे पाहावे. १८७१ साली अमेरिकेतील जेम्स मॉरिसन यांनी शिलाई मशीनसारखे पायाने चालवायचे दात कोरण्याचे यंत्र काढले. १९५७ मध्ये हवेच्या दाबावर फिरणारी टर्बाइन आली आणि फेरे लाखांवर गेले. घरगुती फिरत्या यंत्राचा प्रसार ज्यांच्या नावाने झाला त्या आल्बर्ट ड्रेमेल यांनी आपली कंपनी रॅसीन या अमेरिकन गावात १९३२ साली सुरू केली. म्हणजे दंतवैद्याचे यंत्र हा या यंत्राचा थोरला भाऊ. आता पुढच्या वेळी दात दाखवायला गेलात की तोंड उघडे ठेवा आणि डोळेही. डॉक्टरच्या डोळ्यांवर चष्मा किंवा पारदर्शक पडदा असतो. तोंडावर मास्क असतो. यंत्राच्या टोकावर पाण्याचा बारीक फवारा चालू असतो, त्याने उष्णता आणि धूळ दोन्ही बसतात. यंत्र पेनासारखे धरलेले असते आणि एक बोट शेजारच्या दातावर टेकलेले असते. हे टेकलेले बोट फार मोलाचे. हात अधांतरी असला की चकती घसरते. बोट टेकले की हात आणि काम एकत्र हलतात. शिवाय तो दाबत नाही. अगदी हलका स्पर्श, क्षणभर थांबणे, पुन्हा स्पर्श. जोर लावून काम लवकर होते असे ज्याला वाटते त्याच्या चकत्या तुटतात आणि बऱ्याचदा बोटेही सोलतात.

आता डोळ्याकडे येतो, कारण माझ्याकडे येणारे बहुतेक रुग्ण डोळ्याचे असतात. "काही नाही जी, कचरा गेला," असे सांगत रुग्ण येतो तेव्हा तो रात्रभर डोळा चोळून बसलेला असतो. बुबुळाचा पुढचा पारदर्शक पडदा मध्यभागी जेमतेम अर्धा मिलिमीटर जाड असतो. त्यात रुतलेला लोखंडाचा कण गरम असतो आणि अश्रूंच्या ओलाव्याने काही तासांतच त्याभोवती गंजाचे कडे धरू लागते. कण निघाला तरी कडे राहते, आणि ते नेत्रतज्ज्ञाला सूक्ष्मदर्शकाखाली हळूहळू काढावे लागते. लवकर आला तर डोळा सुन्न करणारा थेंब टाकून काम पाच मिनिटांत होते आणि वरचा खरवडलेला थर एक-दोन दिवसांत भरून येतो. दोन दिवस घरी काढले तर जंतू शिरतात आणि बुबुळावर पांढरे फूल पडते. ते फूल नजरेच्या वाटेत असेल तर नजर तेवढी कायमची गेली.

घरगुती उपचारांबद्दल स्पष्टच लिहितो. जिभेने कण काढणे, पदराच्या टोकाने पुसणे, डोळ्यात तूप, मध, बाळंतिणीचे दूध किंवा झाडपाल्याचा रस टाकणे, हे सारे बंद करावे. आपल्याकडे कापूस-तुरीच्या शेतात काम करणाऱ्यांच्या डोळ्यांना बुरशीची लागण होते, आणि जखमी बुबुळावर पाल्याचा रस टाकणे म्हणजे तिला आमंत्रण देणे. दुसरी वाईट सवय औषधाच्या दुकानातून 'लाल डोळ्याचे थेंब' मागून आणण्याची. त्यांतल्या काही थेंबांत स्टेरॉइड असते. दोन दिवस डोळा पांढरा दिसतो, रुग्ण खूश होतो आणि आत लागण पसरत जाते. सुन्न करणारे थेंब तर कोणी हौसेने दिले तरी घरी नेऊ नयेत. त्यांनी वेदना थांबते, पण बुबुळ भरून येणेही थांबते.

मग करावे काय? धूळ किंवा लाकडाचा भुसा गेला असेल तर चोळू नका. स्वच्छ पाण्याने, ओंजळीत डोळा उघडझाप करत किंवा पेल्याने हळू धार धरून धुवा. दहा-पंधरा मिनिटांत खुपणे थांबले नाही, उजेड सहन होईना, अंधुक दिसू लागले, किंवा बुबुळावर काळा ठिपका दिसला तर त्याच दिवशी डॉक्टरला गाठा. चकती फुटून टवका जोरात लागला असेल तर धुऊही नका, दाबू नका, काही ओढून काढू नका. चहाचा कागदी कप डोळ्यावर उपडा ठेवून वरून चिकटपट्टी लावा आणि निघा. डोळ्याच्या आत शिरलेला कण बाहेरून कधी कधी दिसतही नाही आणि पहिल्या दिवशी फारसा दुखतही नाही. वर्ध्याचे सामान्य रुग्णालय आणि सेवाग्रामचे कस्तुरबा रुग्णालय आपल्याला जवळ आहेत. गाडी नसेल तर १०८ वर फोन करावा. तिथे पोचल्यावर "ग्राइंडरवर काम करताना लागले" हे आवर्जून सांगा. नुसते "डोळा दुखतो" म्हटल्यावर डॉक्टर वेगळ्या दिशेने जातो. पुढे केव्हाही कोणी एमआरआय करायला सांगितला तर डोळ्यात धातू गेला होता हेही सांगा. त्या यंत्रातील चुंबक आत राहिलेला लोखंडी कण हलवू शकतो.

हे सारे टाळायला एक गॉगल पुरतो. बाजूने बंद असलेला, पॉलिकार्बोनेटच्या काचेचा. उन्हाचा काळा चष्मा चालत नाही. नंबरचा चष्माही पुरत नाही, कारण त्याच्या बाजू उघड्या असतात. मात्र त्यावरून बसणारे मोठे गॉगल मिळतात. आणि गॉगल दोन घ्यावेत. एक मामाला, एक भाच्याला. खरे म्हणजे भाच्याला दाराबाहेरच बसवावे, पण तान्ह्या पोळ्याच्या आठवड्यात ते कोणत्याही मामाला जमत नाही हे मला ठाऊक आहे.

यंत्र सुरू करण्याच्या रीतीविषयी दोन शब्द. टोक बदलताना आधी बॅटरी काढावी. बटण अंगठ्याखाली कधी दाबले जाईल सांगता येत नाही. दंतवैद्याच्या टोकाची दांडी २.३५ मिलिमीटरची असते, या यंत्राची बहुधा ३.२ ची. जवळपासची दांडी कागद गुंडाळून बसवू नये, तिच्या मापाचीच पकड घ्यावी. नवे टोक लावल्यावर यंत्र चेहऱ्यापासून दूर धरून मिनिटभर रिकामे फिरवावे. टोक वाकडे किंवा चकती तडकलेली असेल तर ती तेव्हाच थरथरते किंवा फुटते. कापायची चकती कडेनेच वापरावी, तिच्या पोटाने घासू नये. तारेचा ब्रश १५,००० फेऱ्यांच्या पुढे नेऊ नये, कारण त्याच्या तारा सुट्या होऊन सुयांसारख्या उडतात. मी त्या एकाच्या कपाळातून काढल्या आहेत. प्लास्टिकला कमी वेग, नाहीतर ते वितळून टोकाला चिकटते.

काम हातात धरायचे नाही, हा नियम सर्वांत जास्त मोडला जातो. नंदी एका हातात, यंत्र दुसऱ्या हातात, आणि यंत्र अडखळले की पहिल्या हाताच्या अंगठ्यात. लाकडी वस्तू शिकंज्यात दोन फळ्यांमध्ये धरावी. शिकंजा नसेल तर वाळूने भरलेल्या पिशवीवर टेकवून दोरीने बांधावी. हातमोजे घालावेत का, असे बरेच जण विचारतात. सुती, सैल मोजे मुळीच नकोत. फिरत्या टोकात धागा अडकला की बोट ओढले जाते. तीच गोष्ट ओढणी, दुपट्टा, मोकळे केस आणि मनगटावरच्या धाग्याची. बारीक टोकाची जखम वरून तिळाएवढी दिसते पण खोल असते, हाडापर्यंतही. धुऊन, दाबून धरून दाखवायला यावे आणि धनुर्वाताचे इंजेक्शन केव्हा घेतले होते ते आठवून यावे.

आता जो मुद्दा मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो तो. धूळ. कानशीने निघणारा भुसा जाड असतो, खाली पडतो. या यंत्राने निघणारी धूळ इतकी बारीक असते की उन्हाच्या तिरपेत तरंगताना दिसते, आणि त्याहूनही बारीक जी असते ती दिसत नाही, थेट फुप्फुसाच्या तळाशी जाते. लाकडाच्या धुळीला जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोगविषयक संस्थेने १९९५ मध्ये माणसात कर्करोग करणाऱ्या पदार्थांच्या यादीत घातले आहे. तो धोका वर्षानुवर्षे सुतारकाम करणाऱ्यांना. वर्षातून एकदा नंदी घासणाऱ्याने त्याची धास्ती घेऊ नये. पण सागवान आणि शिसम यांच्या धुळीने अंगाला खाज सुटणे, नाक वाहणे, दमेकऱ्याला धाप लागणे हे एका संध्याकाळीही होते. दगड, फरशी, टाइल घासणाऱ्याने मात्र नक्की घाबरावे. त्या धुळीतल्या सिलिकाने फुप्फुसे कडक होतात. शेजारच्या मध्य प्रदेशातील मंदसौरचे पाटीच्या पेन्सिली बनवणारे मजूर आणि गुजरातेतील खंभातचे अकीक घासणारे कारागीर या आजाराने तरुण वयात गेले आहेत. त्यावर औषध नाही. शिवाय अशा फुप्फुसात क्षयरोग सहज घर करतो. दगडावर पाणी शिंपडून, ओल्यातच घासावे. यंत्र मात्र पाण्यात बुडवू नये. तोंडावर रुमाल बांधून काही होत नाही. २०२० च्या साथीनंतर एन-९५ मास्क कोणाला माहीत नाही असे घर उरलेले नाही. तोच, नाकावर घट्ट बसवून.

आणि नंदीवरचा रंग. २०१६ च्या नियमांनुसार १ नोव्हेंबर २०१७ पासून आपल्या देशात घरगुती रंगांत शिशाचे प्रमाण दहा लाखांत ९० भागांपर्यंतच ठेवण्याचे बंधन आहे. त्यापूर्वीच्या तेलरंगांत, विशेषतः चकचकीत पिवळ्या, लाल, हिरव्या रंगांत ते कितीतरी जास्त असू शके. आजोबांच्या नंदीवर दरवर्षी एक थर चढत गेला असेल तर त्यावर रंगांचे पंचवीस-तीस थर आहेत असे समजा. यंत्राने ते उडवले की शिशाची धूळ घरभर होते. अंगणात, ओसरीवर, भांड्यांवर, पाळण्यावर बसते. रांगणारे मूल हात जमिनीवर टेकते आणि तोंडात घालते. मोठ्या माणसापेक्षा लहान मुलाच्या पोटातून शिसे अधिक शोषले जाते आणि ते त्याच्या वाढत्या मेंदूला बाधते. अभ्यासात मागे पडणे, चिडचिड, भूक न लागणे, रक्त कमी होणे, ही लक्षणे इतकी साधी असतात की नंदीकडे कोणाचे बोट जात नाही. गरोदर बाईनेही या धुळीपासून दूर राहावे.

म्हणून जुना रंग यंत्राने काढूच नये. रंग घट्ट असेल तर नुसता ओल्या फडक्याने पुसून वरून नवा रंग द्यावा. पापुद्रे सुटलेच असतील तर पाणी लावून ओल्या पॉलिशपेपरने, खाली वर्तमानपत्र पसरून, मुले घरात नसताना काढावेत. रंग जाळून किंवा तापवूनही काढू नये. पडलेला चुरा झाडूने उडवू नये. ओल्या फडक्याने टिपून कागदासकट गुंडाळून टाकावा, चुलीत घालू नये. अंगावरचे कपडे वेगळे धुवावेत आणि हातपाय धुतल्याशिवाय जेवायला बसू नये. यंत्र वापरायचे ते रंग नसलेल्या कोऱ्या लाकडावर, नव्या नंदीच्या कोरीव कामावर.

बॅटरीचे थोडक्यात सांगतो. फुगलेली, पडून ठेचलेली बॅटरी वापरू नये. गादीवर, पलंगावर चार्जिंगला लावू नये, रात्रभर तर नाहीच. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ च्या पुढे जातो तेव्हा पत्र्याच्या खोलीत किंवा उन्हातल्या गाडीत ती ठेवणे धोक्याचे. यंत्राबरोबर आलेलाच चार्जर वापरावा.

शेवटी, हे यंत्र माणसाच्या अंगावर चालवण्याविषयी. हसू नका, लोक चालवतात. पायाची भोवरी किंवा जाड झालेली टाच घासायला हे चालेल का, असे मला मधुमेहाच्या रुग्णांनी विचारले आहे. ज्याच्या पायाची संवेदना कमी झाली आहे त्याला चटका कळत नाही, कापलेले कळत नाही. अशा जखमेचा शेवट कधी कधी बोट काढण्यात होतो. तेव्हा नाही. टोचणारी कवळी घरीच घासून 'बसती' करण्याचाही प्रकार होतो. दोन मिनिटांत निघालेले प्लास्टिक परत चढत नाही, कवळी सैल होते आणि हिरडीला नवीन जागी जखम होते. सावंगी (मेघे) येथे दंत महाविद्यालय आहे. तिथे कुठे टोचते ते शाईने पाहून तेवढेच घासून देतात.

बोटात अडकलेली अंगठी आणि गरोदरपणात पाय सुजून रुतलेली जोडवी हे तिसरे. आधी हात किंवा पाय उशीवर उंच ठेवून थंड पाण्याच्या फडक्याने दहा मिनिटे शेकावे, मग साबण लावून फिरवत काढावे. तेवढ्याने न निघाल्यास शिलाईचा जाड धागा अंगठीखालून आत घालावा. त्याचे लांब टोक अंगठीपासून बोटाच्या टोकाकडे, मधले पेर ओलांडेपर्यंत, वेढ्याला वेढा लावून घट्ट गुंडाळावे. मग मागे राहिलेले आखूड टोक धरून धागा बोटाच्या टोकाच्या दिशेने उलगडत जावे; अंगठी वेढ्यावरून पुढे सरकत येते. चांदी-सोने मऊ असते, ते कापायला सराफाकडची किंवा दवाखान्यातली साधी हाताची कात्री पुरते. स्टीलची अंगठी यंत्राने कापावी लागली तर ती तापते आणि खाली कातडी भाजते. म्हणून ते काम दवाखान्यातच, मध्ये धातूची पट्टी सरकवून आणि वरून थंड पाणी सोडत करायचे असते. बोट निळे पडले, बधिर झाले किंवा नखाचा रंग दाबून सोडल्यावर परत येईना, तर धाग्याचाही खटाटोप करू नये, तसेच निघावे.